बोयाच्या मागे, धक्क्यापर्यंत

दारूखान्याकडे वळणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी दोरांचं दुकान होतं. काथ्याचे सुंभ, सुताचे आणि नायलॉनचे दोर, मनगटाएवढे जाड दोरखंड. फळ्यांवर, जमिनीवर, दाराबाहेर सगळीकडे वेटोळी. बोया तिथे दर वेळी थांबायचा. पायरीवर नाक टेकवून मिनिटभर उभा राहायचा आणि मग आपणहून पुढे निघायचा. गेल्या मार्चमध्ये ते दुकान बंद झालं. माल उचलला गेला, शटर खाली आलं, पाटीवर कुणीतरी चुना फासला. बोयाचं थांबणं मात्र चालूच राहिलं. शटरखालच्या फटीला नाक लावून तो पूर्वीइतकाच वेळ उभा राहायचा. एप्रिल गेला, मे गेला. पाऊस सुरू झाला आणि जूनमधल्या एका सकाळी तो न थांबता सरळ पुढे गेला. थांबले मी. पाटीवर चुना फासला तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. दुकान गेलं हे मला त्या सकाळी कळलं.

बोया हा माझा कुत्रा. रंगाने तांबूस, छातीवर पांढरा पट्टा, डाव्या कानाचं टोक कापलेलं. जन्म भाऊच्या धक्क्यावरचा. पिल्लू असताना तो धक्क्यावरून पाण्यात पडला आणि बुडाला नाही, म्हणून खलाशांनी त्याचं नाव बोया ठेवलं. पहिली दोन वर्षं तो तिथेच, लाँचच्या दोरांच्या वेटोळ्यात झोपून वाढला. मग टेम्पोखाली मागचा पाय आला, परळच्या प्राण्यांच्या दवाखान्यात दीड महिना गेला आणि तिथून तो माझ्या घरी आला. आता घरचा झाला आहे, पण सकाळी कुठे जायचं हे अजून तोच ठरवतो. एक दिवस दक्षिणेला धक्क्यावर, एक दिवस उत्तरेला दारूखान्यात. त्याच्या मागे मागे चालत मी माझाच भाग नव्याने पाहिला, म्हणून हा लेख.

मी राहते डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ, माझगावात. जन्मही इथलाच. माझगाव हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक; पण इथे वाढलेल्या माझ्या पिढीच्या बहुतेकांनी लहानपणी आपल्या बाजूचा समुद्र पाहिलेला नसतो. समुद्र बघायचा तर बस पकडून चौपाटीला जायचं. पूर्वेला जेमतेम किलोमीटरभरावर पाणी, आणि मधे गोदीची भिंत. ही भिंत मैलोन् मैल जाते. तिला दरवाजे आहेत आणि त्यांना रंगांची नावं आहेत : ऑरेंज गेट, यलो गेट, ग्रीन गेट, रेड गेट, ब्ल्यू गेट. पास असलेल्या माणसाला आत सोडत. माझे बाबा असे पासवाले होते. गोदीत टॅली क्लार्क. जहाजातून किती पोती उतरली, किती पेट्या फुटक्या निघाल्या, याच्या खुणा कागदावर करत उभं राहायचं, हे त्यांचं काम.

बाबा घरी आले की आई त्यांचा शर्ट भिजत घालण्याआधी नाकाला लावायची. आज खजूर. आज गंधक. आज कच्ची कातडी, म्हणजे शर्ट वेगळा भिजवायचा. आज खत. बसऱ्याचं जहाज लागलं की आठवडाभर घरात गोडसर वास राहायचा. गोदी आम्ही पाहिली ती अशी. इथल्या माणसांच्या डोळ्यांना समुद्र कधी मिळाला नाही, नाकाला मिळाला. म्हणूनच असेल, कुत्रा नाकाने रस्ता वाचतो याचं मला कधी नवल वाटलं नाही.

पहाटे साडेपाचला आम्ही खाली उतरतो. थंडीत या वेळी वारा ईशान्येकडून, म्हणजे खाडीवरून येतो आणि ओहोटी असेल तर चिखलाचा जड, खारट वास थेट स्टेशनपर्यंत पोचतो. पुलाखालून पी. डिमेलो रस्त्याला लागलं की डोक्यावर ईस्टर्न फ्रीवे. पूर्वी हा फ्रिअर रोड. गोदी कामगारांचे नेते प्लॅसिड डिमेलो 1958 साली गेले, त्यांचं नाव पुढे या रस्त्याला मिळालं. कामगार पुढाऱ्याचं नाव गोदीच्या भिंतीला समांतर धावावं हे मला फार योग्य वाटतं. 2013 साली फ्रीवे झाला तेव्हापासून घाटकोपर-चेंबूरची गाडी आमच्या डोक्यावरून निघून जाते. खाली वाहतूक थोडी हलकी झाली आणि ऊन कायमचं अर्धं झालं. खांबांच्या सावलीत ट्रकवाले झोपलेले असतात. बोया प्रत्येक खांबाची नोंद घेतो. नव्या खांबांना त्याने स्वीकारलं आहे.

इथली नावं वाचत चालावं. वाडी बंदर, चिंच बंदर, मस्जिद बंदर. चिंच बंदरात आज उभं राहिलात तर पाणी शोधूनही दिसत नाही, कारण भराव घालून किनारा पुढे पुढे सरकत गेला आणि नाव जागच्या जागी राहिलं. उत्तरेला लकडी बंदर, कोळसा बंदर, टँक बंदर, पावडर बंदर, हे बंदर. 'हे' म्हणजे हिंदीतलं किंवा मराठीतलं 'हे' नव्हे, इंग्रजीतलं वाळलेलं गवत. शहराचे घोडे आणि बैल ज्यावर जगत त्या गवताचा हा धक्का. दारूखान्यातली दारूही प्यायची नाही, तोफांची. एकेका मालाला एकेक धक्का होता, आणि माल गेला तरी त्याचं नाव पाटीवर राहिलं आहे. कुठला माल कुठे उतरायचा, याचा हिशेब शहराने असा जमिनीवर लिहून ठेवला. नव्या इमारतींच्या नावांत आता 'बे' आणि 'हार्बर व्ह्यू' येतात. त्यांत कुठला माल नाही, कुठलं काम नाही. मला ती नावं ऐकून खरंच वाईट वाटतं.

भाऊच्या धक्क्याचं नाव मात्र मालाचं नाही, माणसाचं आहे. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, लोक त्यांना भाऊ म्हणत. 1841 साली त्यांनी हा धक्का बांधला. त्याआधी गलबतातून उतरणाऱ्या माणसाला चिखल तुडवत किंवा कुणाच्या तरी खांद्यावर बसून किनाऱ्याला यावं लागे. कोकणातल्या किती घरांची मुंबई या धक्क्यावर सुरू झाली असेल! रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याची बोट इथे लागायची. माझ्या आजोबांनी मुंबईत टाकलेलं पहिलं पाऊल इथलं. हातात वळकटी आणि फणसाच्या गऱ्यांचा डबा. तो डबा अजून आमच्याकडे आहे. बोटी बंद पडल्या, 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि चाकरमान्यांनी धक्क्याकडे पाठ फिरवली. 2025 साली गणपतीच्या सुमारास इथून कोकणात रो-रो बोट जाणार असं जाहीर झालं, तेव्हा आमच्या जिन्यात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. ज्यांनी जन्मात बोट पाहिली नाही असे लोकही भाडं विचारत होते.

आणि याच धक्क्यावरून 17 जुलै 1947 रोजी सकाळी 'रामदास' बोट रेवसकडे निघाली. त्या दिवशी आषाढी अमावास्या, बोट माणसांनी भरलेली. काशाच्या खडकाजवळ ती उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं, म्हणून देशाच्या आठवणीत ते दुःख मागे पडलं. अलिबाग, रेवस, गिरगाव, परळच्या घरांत ते पडलं नाही. आमच्या शेजारच्या आजी आयुष्यभर अमावास्येला लाँचमध्ये बसल्या नाहीत.

आम्ही पोचतो तेव्हा मासळीचा लिलाव रंगात आलेला असतो. ट्रॉलर रात्री लागलेले, बर्फाच्या लाद्या फुटत असतात, पाट्या डोक्यावरून पळत असतात. दिव्यांच्या पिवळ्या उजेडात बांगडा, मांदेली, माकुल, कोळंबीचे ढीग. बोली इतक्या झपाट्याने बोलली जाते की इतकी वर्षं ऐकूनही मला अर्धीच कळते. कोळणी मात्र एकेक आकडा टिपतात. बोयाला इथे मोकळं सोडता येत नाही. इथे त्याच्या जुन्या ओळखी आहेत आणि जुनी वैरंही. एक मावशी त्याला लांबून हाक मारते, "आला का रं परदेसी!" धक्का सोडून माझगावात राहायला गेला म्हणून तो परदेशी. ती त्याला ढोमीचं डोकं देते आणि मला विचारते, "घरी काय घालतेस त्याला, दूधभात? बारीक झालाय." तिच्याकडून मी भरतीचं गणित शिकले. उधाणाची भरती कधी, भांगाची कधी; कुठल्या तिथीला होडी सुटेल आणि कुठल्या दिवशी दुपारपर्यंत चिखलात बसून राहील. तिच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी देवासाठी कमी आणि पाण्यासाठी जास्त पाहिली जाते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा हा सगळा परिसर जाळी विणायला बसतो आणि धक्क्यावरची कुत्री खरोखर बारीक होतात. नारळी पौर्णिमेनंतर आठवड्याभरात त्यांच्या अंगावर पुन्हा तकाकी येते. मासळीचा हंगाम कसा आहे ते मला तरी त्यांच्या पाठीवरून कळतं.

लिलावाच्या थोडं पुढे दुसराच धक्का. 2020 च्या मार्चपासून इथून मांडव्याला रो-पॅक्स बोट जाते. गाडीसकट चढायचं, तासाभरात पलीकडे उतरायचं. शनिवारी सकाळी गाड्यांची रांग लागते. मागच्या काचेतून लॅब्रेडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर बाहेर बघत असतात. बोटीवर पाळीव कुत्र्यांची सोय आहे, त्यांचं तिकीट निघतं. बोया त्यांच्याकडे बघतो, ते बोयाकडे. रेवस आणि मोऱ्याला जाणारी जुनी लाकडी लाँचही सुटत असते. तिच्यात भाजीच्या टोपल्या, दुधाचे कॅन, उरणच्या कामगारांचे डबे. मला रो-पॅक्सचा राग नाही. अलिबागच्या म्हाताऱ्या माणसाला मुंबईच्या इस्पितळात आणायचं तर तिच्यासारखी सोय नाही. पण माझं मागणं एवढंच आहे की नव्या बोटीला जागा करताना जुन्या लाँचची शिडी काढली जाऊ नये. लाँचवाल्याचा प्रवासी गाडी घेऊन येत नाही, टोपली घेऊन येतो.

परतताना गोदीच्या भिंतीला धरून चालतो. या भिंतीच्या आत प्रिन्सेस डॉक होता, 1880 सालचा, आणि त्याला लागून 1888 सालचा व्हिक्टोरिया डॉक. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकाइन' जहाज लागलेलं होतं. पोटात कापसाच्या गासड्या, सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि सोन्याच्या लगडी. आधी कापूस पेटला. दुपारी चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने त्याहून मोठा दुसरा. आगीशी लढताना अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. 14 एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. गोदीतल्या कामगारांचा आणि आसपासच्या वस्तीचा पुरता हिशेब कधी लागला नाही. मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घराचं छत फोडून सोन्याची लगड आत पडली आणि त्यांनी ती सरकारजमा केली, ही गोष्ट माझगावात प्रत्येक मुलाला सांगतात. बाबा ती सांगायचे तेव्हा शेवटी नेहमी म्हणायचे, लगडीचं वजन सगळ्यांना पाठ असतं, माणसं किती गेली ते विचारा. ते विचारायला आता खुणेची जागाही उरलेली नाही. कंटेनर ठेवायला म्हणून दोन्ही डॉकांमधलं पाणी भराव घालून बुजवलं. ज्या पाण्यात ते जहाज फुटलं तिथे आज कोरडी जमीन आहे.

कंटेनरने हे सगळं बदललं, गोदी कुणी एका दिवसात बंद केली नाही. बाबांच्या काळात एक जहाज रिकामं व्हायला आठवडा लागायचा. पोतं, पेटी, पिंप सुटं सुटं उतरायचं आणि प्रत्येकाला माणसाचा हात लागायचा. खांद्यावर हूक टाकून माणसं तिन्ही पाळ्यांत आत जायची. मग लोखंडी पेटी आली, एका क्रेनवर, एका माणसाच्या बटणावर. तिच्यासाठी खोल पाणी आणि मोकळी जमीन हवी. ती पलीकडे न्हावा शेव्याला होती. 1989 साली तिथलं बंदर सुरू झालं आणि आमच्या बाजूच्या गोदामांत हळूहळू वटवाघळं आली. बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या शर्टाला कशाचाच वास येत नव्हता. आईने ते बोलून दाखवलं नाही. भिजवण्याआधी शर्ट नाकाला लावणं मात्र तिने सोडलं नाही.

तरी बंदर मेलं असं कुणी लिहिलं की मला ते खोटं वाटतं. माझगाव डॉकचा भोंगा झाला की रस्ता कामगारांनी भरतो. 1774 साली इथे एक लहानशी सुकी गोदी होती. आज तिथे युद्धनौका आणि पाणबुड्या बांधतात. 15 जानेवारी 2025 ला नौदलात एकाच दिवशी दाखल झालेल्या सुरत, निलगिरी आणि वाघशीर या तिन्ही इथल्याच. पोलाद कापणारे, जोडणारे, रंगवणारे हात अजून या गल्ल्यांत राहतात. बोयाला त्यांच्या डब्यांची वेळ अचूक ठाऊक आहे.

अधूनमधून आम्ही आतल्या माझगावातून घरी येतो. माथारपाखाडीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची जुनी लाकडी घरं आहेत, बाहेरून जिने, पुढे ओटे. टिळकांचे होमरूलमधले साथी काका बॅप्टिस्टा इथलेच. 1925 साली ते मुंबईचे महापौर झाले. टेकडीवरच्या बागेला त्यांचं नाव आहे. बाग पाण्याच्या टाकीवर बसवली आहे आणि तिथून पूर्वेचं सगळं बंदर दिसतं. भिंतीवरून समुद्र बघायची आमची ती एकच हक्काची जागा. कुत्र्याला आत परवानगी नाही, म्हणून आम्ही पायऱ्यांशी बसतो. नवाब टँकच्या बाजूला जुन्या इमारतीच्या माडीवर चिनी देऊळ आहे, 'सी यूप कून', 1919 सालचं, कँटोनी खलाशांच्या वस्तीने उभारलेलं. वस्ती पांगली. देवळात उदबत्ती लागते, आणि खालच्या दाराशी बोया दोनदा शिंकतो.

या भागातली जुनी घरं पडून टॉवर येतात याबद्दल मला हळहळ वाटते, पण ती बोलून दाखवताना मी दोनदा विचार करते. सप्टेंबर 2013 मध्ये डॉकयार्ड रोडला महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची इमारत पहाटे कोसळली आणि 61 माणसं गेली. त्या सकाळचा धुरळा आमच्या खिडक्यांवर बसला होता. ज्याच्या डोक्यावरचं छत गळतं त्याला लाकडी जिन्याचं सौंदर्य सांगायला जाऊ नये. नवं घर त्याला हवंच आहे. ते इथेच मिळेल का, एवढं तो विचारतो.

कुत्र्यांच्या बाबतीत इथेच राहण्याचा हा प्रश्न मुंबईसमोर फार लवकर आला होता, हे मला बोयामुळे वाचायला मिळालं. 1832 सालच्या उन्हाळ्यात सरकारने कोटातली बेवारस कुत्री मारायचा हुकूम काढला. कॉन्स्टेबलला कुत्र्यामागे आठ आणे. बक्षिसाच्या लोभाने घराच्या दारातली कुत्रीही मारली जाऊ लागली. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे, मृत्यूनंतरच्या विधीत त्याची नजर लागते. जूनमध्ये पारशी लोक रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली, कुलाब्याच्या पलटणीची रसद अडली. शेवटी कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडायचं ठरलं. पुढे 1874 साली प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारी संस्था उभी राहिली आणि त्यानंतर काही वर्षांत परळला पेटिट घराण्याच्या देणगीतून बाई साकरबाईंच्या नावाचं रुग्णालय. लोक त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. बोया तिथेच बरा झाला. नाव बैलघोडा, कारण तेव्हाची मुंबई बैल आणि घोड्यांच्या पाठीवर चालत होती. गोदीतला माल तेच ओढत होते आणि त्यांचं गवत हे बंदरात उतरत होतं.

2025 च्या ऑगस्टमध्ये कुत्र्यांचा विषय पुन्हा गाजला, सर्वोच्च न्यायालयात. 11 तारखेला दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायचा आदेश झाला. 22 तारखेला तो बदलला. नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचललं तिथेच परत सोडा. पिसाळलेली आणि हल्ला करणारी तेवढी वेगळी ठेवा. चावा घेतलेल्या मुलाच्या आईची भीती मी हलकी मानत नाही. आमच्याच गल्लीत एका मुलाच्या पोटरीला टाके पडले होते. पण त्याच जागी परत सोडण्यामागचं कारण खरं आहे. एक कुत्रा उचलला की जागा मोकळी राहत नाही, दुसरा अनोळखी येतो, लस न टोचलेला. जुना कुत्रा जागा ओळखतो, माणसं ओळखतो. कापलेल्या कानाचा अर्थ तोच. याची नसबंदी झाली आहे, याला इथेच राहू द्या.

उत्तरेच्या फेरीत आम्ही रे रोडला जातो. 1910 साली हार्बर लाइन सुरू झाली तेव्हा कुर्ल्याहून निघालेली गाडी इथपर्यंतच यायची. 2025 च्या मे महिन्यात रुळांवरून नवा केबलचा पूल सुरू झाला. रात्री तो रंगीत दिव्यांनी उजळतो आणि त्याच्या खाली दारूखाना जुन्याच अंधारात असतो. नांगर, साखळदंड, जहाजाच्या गोल खिडक्या, पितळी बिजागऱ्या, लाइफ जॅकेट, पत्रे. पहाटेसुद्धा गॅसकटरचा निळा जाळ आणि जळक्या रंगाचा वास. पावडर बंदराच्या चिखलात भरतीच्या पाण्यावर जहाज वर ओढून घेतात आणि पुढच्या बाजूने सोलत जातात. मोठी जहाजं 1983 नंतर गुजरातेत अलंगला जाऊ लागली. मला गेल्या दोन वर्षांत इथे दिसल्या त्या बार्ज आणि टग. पण 'विक्रांत' इथेच आली होती. 1961 साली नौदलात आलेली, 1971 च्या युद्धात लढलेली, 1997 साली निवृत्त झालेली आपली पहिली विमानवाहू नौका. काही वर्षं संग्रहालय म्हणून राहिली आणि 2014 च्या नोव्हेंबरात याच चिखलात तिचं तोडकाम सुरू झालं. तिला कापणाऱ्यांपैकी एक जण रस्त्यालगतच्या चहाच्या टपरीवर भेटतो. आझमगढचा, वय पन्नाशीचं, हातावर ठिणग्यांचे पांढरे डाग. "दीदी, तिचा पत्रा कापताना गॅस जास्त लागायचा," एवढंच तो तिच्याबद्दल सांगतो. आणि मग बोयाला बिस्कीट देतो.

पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराच्या जमिनीचं काय करायचं, यासाठी 2014 साली राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. 2018 साली बंदराला स्वतःच्या जमिनीसाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत सुमारे 28 किलोमीटरचा हा किनारा; बागा, फिरायच्या वाटा, बोटींसाठी मरिना यांची चित्रं तेव्हापासून छापून येत आहेत. मी ती चित्रं आवडीने पाहते. भिंत पडावी असं मला मनापासून वाटतं. पन्नास वर्षं मी तिच्या या बाजूला राहिले. पण चित्रातल्या त्या वाटेवर पाटी घेऊन पळणारा माणूस नसतो, जाळं विणणारी बाई नसते, ठिणग्या नसतात. किनारा बघायला खुला करायचा तर ज्यांनी तो आजवर चालवला त्यांना तिथे काम आणि घर दोन्ही हवं. धक्क्यावरचा लिलाव हवा, जाळी वाळवायला मोकळी जमीन हवी. शिवडीच्या चिखलात रोहित येतात तेही कुणी सजावट म्हणून आणले नाहीत, ओहोटीचा चिखल तिथे शिल्लक आहे म्हणून येतात. 2024 साली खाडीवरचा अटल सेतू सुरू झाला, त्याच्या खांबांच्या सावलीतही ते उतरले, तेव्हा मी बोयाला घट्ट धरून जेट्टीवर बराच वेळ उभी होते.

दारूखान्यातल्या वस्तीची गाठ मात्र अवघड आहे. जमीन केंद्राच्या मालकीची, म्हणून राज्याची झोपडपट्टी पुनर्वसन योजना इथे आपोआप लागू होत नाही. तीन-तीन पिढ्या राहिलेल्या घरांना आपलं पुढे काय, ते कुणाच्या तोंडून ऐकायला मिळत नाही. मोजणीला माणूस आला की अख्खी गल्ली कागदांची प्लास्टिकची पिशवी घेऊन दारात उभी राहते.

परवाच्या मंगळवारी तिथल्या नळावर पाण्याची वेळ झाली होती. रांगेतल्या एका बाईने बोयाचा कापलेला कान दोन बोटांत धरून पाहिला आणि मला विचारलं, कुणी कापला? मी सांगितलं, ऑपरेशनची खूण आहे, गाडी येते, घेऊन जाते, चार-पाच दिवसांनी आणून सोडते.

"कुठे सोडते?"

"जिथून नेला तिथेच."

"त्याच गल्लीत?"

"हो, त्याच. नियमच आहे तसा."

तिने कान सोडला नाही. अंगठ्याने त्याची कड चाचपत ती क्षणभर तशीच राहिली. मग मागून कुणीतरी ओरडलं, तिने हंडा नळाखाली सरकवला. बोया माझा पट्टा ओढायला लागला. ओहोटी लागली होती, चिखलाचा वास गल्लीत शिरला होता, आणि त्याला त्या दिवशी धक्क्यावरही जायचं होतं.